जळमट आणि जाळं

आमच्या घरात वर्षातली सगळ्यात मोठी झाडलोट दिवाळीला होत नाही, गणपतीला होते. श्रावण सरत आला की माळ्यावरची मखराची पेटी खाली येते, भिंतींना रंगाचा हात दिला जातो, आणि त्याच्या आधी एक पूर्ण दिवस जळमटं काढण्याचा असतो. लांब बांबूच्या टोकाला हिराची वाढवण घट्ट बांधायची, डोक्याला जुना टॉवेल गुंडाळायचा आणि पडवीपासून सुरुवात करून माजघर, देवघर, स्वयंपाकघर असं करत मागच्या दारापर्यंत जायचं. घर कौलारू. वर वासे, रिपा आणि चुलीच्या धुराचा वर्षानुवर्षांचा थर. दुपारपर्यंत वाढवणीच्या टोकाला काळ्या कापसाचा बोळा जमतो.

लग्न होऊन सिंधुदुर्गातल्या या घरात आले, तेव्हापासून हे काम माझ्याकडे आहे. माझं माहेर माणदेशातलं. तिथे पाऊस कमी, झाडी कमी, घरं धाब्याची. आम्ही कोळी म्हणायचो आणि त्याच्या जाळ्याला कोळिष्टक. इथे सासूबाई म्हणतात कांतीण. हा शब्द मला पहिल्या दिवसापासून आवडला. कातणारी ती कांतीण. संस्कृतातला ऊर्णनाभ म्हणजे जिच्या बेंबीत लोकर आहे असा प्राणी. सूत बेंबीतून येत नाही, पोटाच्या मागच्या टोकाशी असलेल्या बारीक बोंडांमधून येतं. पण कुणीतरी वाकून, नीट बघून तो शब्द केला असणार.

पहिली सात-आठ वर्षं मी सगळं सरसकट काढत होते. कोपऱ्यात काही लोंबताना दिसलं की वाढवण फिरवायची. मग एका वर्षी हात पोहोचेना म्हणून माजघरात स्टुलावर चढले, तर कोपरा अगदी डोळ्यांसमोर आला. तिथे एक कोळी उलटा टांगलेला होता. घरोघरी दिसतो तोच, केसासारख्या लांब बारीक पायांचा, राखाडी. पोटाचं मागचं टोक किंचित वर उचललेलं, सुपारीच्या टोकासारखं निमुळतं. त्याच्या तोंडात काहीतरी होतं. मला वाटलं शिकार आहे. चष्मा पुसून पाहिलं. खसखशीचे दाणे एकमेकांना चिकटवून गोळी करावी तशी अंडी होती. त्यांच्याभोवती इतकं विरळ सूत, की प्रत्येक अंडं वेगळं मोजता आलं असतं. ती मादी होती आणि अंडी तोंडात धरून बसली होती.

मी वाढवण जवळ नेली तशी ती गरगर फिरायला लागली. पाय जाळ्यात घट्ट रोवलेले आणि शरीर भिंगरीसारखं, इतकं जोरात की ती दिसेनाशीच झाली. नुसता एक धूसर गोल राहिला. पाखराला किंवा पालीला तिच्यावर नेम धरता येऊ नये म्हणून हे फिरणं असतं. गोळी मात्र तोंडातून सुटली नाही. मी स्टुलावरून उतरले आणि तो कोपरा तसाच ठेवला.

त्याच दिवशी एक साधी गोष्ट ध्यानात आली. ती इतक्या वर्षांत का आली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. त्या मादीचं जाळं जवळजवळ दिसतच नव्हतं. स्वच्छ, पारदर्शक, उजेड तिरका पडला तरच एखादा धागा चमकेल असं. आणि तिच्या वीतभर पलीकडे जे काळं, लोंबणारं, धुरकट होतं, त्यात कुणीच नव्हतं. हे कोळी जागा बदलतात आणि जुनं जाळं तिथेच सोडून जातात. मग त्यावर धूळ बसते, चुलीची काजळी बसते, आणि आपण त्याला जळमट म्हणतो. जाळं हे नांदतं घर आणि जळमट म्हणजे ओसाड पडलेलं. मराठीत त्यांना दोन वेगळे शब्द आहेत, ते असेच झाले नसावेत.

तेव्हापासून माझी झाडण्याची रीत बदलली. काळं दिसेल ते काढते. उरलेल्या कोपऱ्यात वाढवणीचा एकच हीर हळूच टेकवते. गरगर सुरू झाली की पुढे जाते. पिल्लं बाहेर पडली की ती काही दिवस आईच्या जाळ्यातच राहतात, मग पांगतात. गौरी-गणपतीला मुंबईहून येणाऱ्या जावा पहिल्यांदा वर बघून काही बोलत नसत, पण त्यांच्या मनात काय येत असेल ते कळायचं. आता त्यांची मुलंच वर बघून विचारतात, काकी, यंदा कुठल्या कोपऱ्यात अंडी आहेत?

माणसांच्या घरातली झाडलोट आणि कोळ्यांचा वीण काढायचा काळ एकाच वेळी येतो, हे त्यानंतर दरवर्षी पाहत आले. पहिल्या पावसाबरोबर किडे वाढतात, किडे खाऊन कोळी वाढतात, आणि आषाढात टाचणीच्या डोक्याएवढे असलेले भादव्यात, आश्विनात वयात येतात. आपलेही सण तेव्हाच. गणपती, नवरात्र, मग दिवाळी. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीची पूजा करतो. तोवर ती कितीतरी अंडी झाडून आलेली असते.

जूनमधला पहिला मोठा पाऊस झाला की संध्याकाळी वाळवीची पाखरं निघतात. दिव्याभोवती नुसता धूर असल्यासारखी. सकाळी पडवीत त्यांच्या पंखांचा सडा असतो. मी केर काढण्याआधी एक गोष्ट बघते. पंखांचा सडा सगळीकडे सारखा नसतो. वरच्या ज्या कोपऱ्यात नांदतं जाळं आहे, त्याच्या बरोबर खाली एक दाट ढीग असतो. पंखांसोबत रिकामी, शोषलेली शरीरं. कोळी चावून खात नाही. भक्ष्यात पाचक रस सोडतो, आतलं पातळ झालं की ओढून घेतो, आणि टरफल टाकून देतो. घरात कुठे कोण राहतं हे मला वर बघण्याआधी खालच्या केरावरून कळतं.

याच दिवसांत मोठी कांतीण घरात येते. तळहात भरेल एवढी, तपकिरी, चपटी, खेकड्यासारखे पाय दोन्ही बाजूंना पसरलेले, डोळ्यांखाली मिशीसारखा फिकट पट्टा. रात्री न्हाणीघराचा दिवा लावावा आणि ती भिंतीवर असावी. नव्या सुनेची ओरड निघाली नाही तरच नवल. माझीही निघाली होती. तेव्हा सासूबाई आल्या, वर पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "गो, तिका मारू नको. ती झुरळां खाता."

आणि ती खरंच झुरळं खाते. इंग्रजीत तिला हंट्समन म्हणतात. शिकारीसाठी ती जाळं विणत नाही. भिंतीला चिकटून थांबते आणि झुरळ टप्प्यात आलं की झडप घालते. जगभरातल्या उष्ण प्रदेशात जहाजांतल्या मालाबरोबर ती पोहोचली आहे. मला मात्र एक प्रश्न पडला होता. जी जाळंच विणत नाही, तिला कांतीण का म्हणायचं?

उत्तर चार वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये मिळालं. बंबाच्या मागे, ओल येते त्या भिंतीवर ती बसली होती आणि तिच्या पोटाखाली एक पांढरी चकती होती. रुपयाच्या नाण्याएवढी, मधे किंचित फुगीर, कागदासारखी गुळगुळीत. ती तिची अंड्यांची थैली. तिने ती स्वतःच्या सुतानेच विणलेली होती. तोंडाजवळच्या दोन आखूड अवयवांनी ती धरलेली. चालताना थैली जमिनीला लागू नये म्हणून तिने पाय नेहमीपेक्षा उंच केले होते.

त्या दिवसापासून मी न्हाणीघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलने टिंब करत गेले. बादली हळू ठेवायची, गरम पाणी त्या बाजूला उडवायचं नाही, घरातल्या सगळ्यांना ताकीद. पहिले काही दिवस ती माणूस आला की बंबामागे सरकायची. नंतर सरकेना. झुरळं आसपास होती, पण तिने एकदाही झडप घातलेली मला दिसली नाही. पोट बघता बघता बारीक झालं. मी पाण्यात कापूस भिजवून भिंतीच्या कडेला लावून ठेवला होता. ती त्याला तोंड लावायची की नाही, सांगता येणार नाही, कापूस मात्र रोज बदलत होते.

चोविसाव्या दिवशी पहाटे दिवा लावला तर भिंत हलत होती. शंभराच्या वर पिल्लं. पारदर्शक, हिरवट-पांढरी, डाळीच्या कण्यांएवढी, पण आकाराने हुबेहूब आई. चपटी, पाय पसरलेली. रिकामी चकती अजून तिच्या पोटाखाली होती. सासूबाईंना उठवून आणलं. त्यांची नजर तेव्हा अधू झाली होती, मोतीबिंदू वाढत होता. त्यांना भिंत नुसती पांढरी दिसत होती. "पोरां झाली काय गो कांतणीची?" त्यांनी विचारलं आणि मी त्यांचा हात धरून सांगत गेले, इथे वीस आहेत, इथे खिडकीशी तीस, एक तुमच्या डोक्यावर आहे. तीन दिवसांत सगळी गेली. त्यातली बहुतेक पालींच्या, मुंग्यांच्या आणि एकमेकांच्या पोटात गेली असणार. आईही दिसेनाशी झाली.

पावसाळ्यातल्या एका आरोपाबद्दल इथे लिहिणं भाग आहे, कारण त्यापायी घरोघरी कोळी मारले जातात. मानेवर किंवा हातावर रात्रीत लाल चट्टा उठतो, आग होते, त्यावर पाण्याचे फोड येतात. सगळे म्हणतात, कोळी मुतला. मलाही एकदा मानेवर असा पट्टा उठला. डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, ट्यूबखाली झोपला होतात का? तो कोळ्याचा प्रताप नसतोच. पावसात दिव्याकडे येणारा एक बारीक लांबट किडा असतो, मुंगीसारखा दिसणारा, काळ्या आणि तांबड्या पट्ट्यांचा. तो एक भुंगेऱ्याचा प्रकार आहे. तो चावत नाही की नांगी मारत नाही. आपण झोपेत किंवा नकळत त्याला अंगावर चिरडतो आणि त्याच्या शरीरातला दाहक रस कातडीला लागतो. म्हणून चट्टा लांबट असतो, जसा हात फिरला तसा. असा किडा अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवावा, चिरडू नये आणि ती जागा साबणाने धुवावी. घरात रोज दिसणारे जे कोळी मी इथे सांगते आहे, त्यातल्या एकाच्याही विषाने माणसाच्या जिवाला धोका नाही. त्यांना आपण चावण्याजोगे वाटतच नाही. मुठीत दाबला तर कुठलाही जीव चावेल.

परसात गेलं की ओळखण्याची रीत बदलावी लागते. रंगावरून ओळखायला गेले तेव्हा मी सारखी फसले. पिल्लू वेगळं, मादी वेगळी, नर वेगळा. आता मी आधी बघते की तो बसलाय कसा. जाळं आहे का, असेल तर उभं आहे की आडवं, डोकं वर की खाली, पाय कसे ठेवलेत. माडाच्या खोडावर डोकं खाली करून, सालीशी एकरूप होऊन बसलेला, मागे दोन शेपट्या असलेला कोळी दिसला तर त्या शेपट्या म्हणजे त्याची सूत काढायची लांब बोंडं. मुंगी टप्प्यात आली की तो तिच्याभोवती गरागरा फिरून तिला खोडालाच बांधून टाकतो. झेंडूच्या किंवा तेरड्याच्या फुलावर पुढचे दोन-दोन पाय खेकड्यासारखे उघडून जो थांबलेला असतो, तो फुलकोळी. गणपतीच्या वरची माटवी बांधायला रानातून कवंडळं, हरणाची फुलं, तेरडा आणतात, त्यातून दरवर्षी एखादा पांढराशुभ्र फुलकोळी देवघरात येतो. मी त्याला पानासकट उचलून बाहेर ठेवते.

जास्वंदीच्या वईत श्रावणाच्या सुरुवातीला एक उभं जाळं होतं. सुपारी मावेल एवढं. मधोमध पांढऱ्या सुताची एक गोल चकती आणि त्या चकतीवर टाचणीएवढा कोळी, सहज दिसणार नाही असा. पंधरा दिवसांनी जाळं ताटलीएवढं झालं, आणि चकतीच्या जागी तिरक्या नागमोडी रेघा आल्या. गणपतीच्या आसपास तिथे पूर्ण वाढलेली मादी होती. पोटावर पिवळे, रुपेरी, तपकिरी पट्टे. डोकं खाली, आठ पाय दोन-दोन जोडून चारच असल्यासारखे ठेवलेले. आणि प्रत्येक जोडीच्या पुढे जाळ्यात तीच नागमोडी शिवण, एक मोठी फुली. म्हणून तिला सिग्नेचर स्पायडर म्हणतात. शास्त्रीय नाव आर्जिओपी. ती सही कशासाठी, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. कुणी म्हणतं त्यावरून परावर्तित होणाऱ्या अतिनील प्रकाशाने किडे ओढले जातात, कुणी म्हणतं पाखरांना जाळं दिसावं आणि त्यांनी ते फाडू नये म्हणून. मी बोट जवळ नेलं तर ती सगळं जाळं हलवते, झोपाळ्यासारखं, आणि मग फुली आणि ती दोन्ही एकच दिसायला लागतात.

एका पहाटे चारला उठून टॉर्च आडवा धरून मी तिला जाळं करताना पाहिलं. आधी मधोमधून बाहेर जाणारे धागे, चाकाच्या आऱ्यांसारखे. ते कोरडे असतात. मग मधून बाहेर एक विरळ फेरा, फक्त पाय ठेवायला, जशी गवंड्याची परांची. मग ती उलटी फिरली आणि बाहेरून आत चिकट धाग्याचे फेरे घालत आली, एकेका आऱ्यावर मागच्या पायाने टाचत आणि येता येता आधीची परांची काढून टाकत. पायांनी अंतर मोजत होती. फेऱ्यांतलं अंतर कुठेही चुकलं नाही. अशी गोल जाळी विणणारे बहुतेक कोळी जुनं जाळं खाऊन टाकतात, आणि त्यातलं प्रथिन नव्या सुतात परत येतं. ती स्वतः चालते ती कोरड्या आऱ्यांवरून.

जाळ्याच्या कडेला दोन बारीक तपकिरी कोळी कित्येक दिवस थांबलेले होते. ते नर. वर्षभर त्या वईत पाणी घालताना मी त्यांना वेगळ्या जातीचे समजत होते.

शेतात भात पोटरीला आलं की बांधावरून चालताना पायाशी काहीतरी पळतं. ते लांडगा कोळी. मादी अंड्यांची गोल थैली मागच्या टोकाला चिकटवून ओढत नेते आणि पिल्लं निघाली की ती सगळी आईच्या पाठीवर चढतात. रात्री बॅटरी डोळ्यांच्या रेषेत धरली तर बांधभर हिरवे ठिपके चमकतात. ते त्यांचे डोळे. भातावरचे तुडतुडे खाण्यात यांचा मोठा हात आहे.

सगळ्यात मोठी येते ती शेवटी. बावीपासून पोफळींच्या बागेत जाणाऱ्या पायवाटेवर, दोन पोफळींच्या मधे, आश्विनात सोन्याचं जाळं लागतं. सोन्याचं म्हणजे अक्षरशः सोनेरी. सकाळी नऊच्या सुमारास ऊन तिरकं आलं की प्रत्येक धागा पिवळा झळाळतो. वाटेत चालताना तोंडावर आलं तर तुटताना ताण जाणवतो, एवढं ते मजबूत. मधे काळी-पिवळी मादी, पाय पसरले तर माझ्या तळहाताबाहेर जातील एवढी. ही नेफिला, निसर्गवेड्यांची जायंट वुड स्पायडर. सह्याद्रीत पावसाच्या शेवटी ती सगळीकडे असते. मादागास्करमधल्या तिच्या नातेवाइकांचं सूत काढून एक वस्त्र विणलं गेलं आणि 2009 मध्ये ते न्यूयॉर्कच्या संग्रहालयात मांडलं होतं. त्यासाठी दहा लाखांहून जास्त कोळी पकडून, सूत काढून पुन्हा सोडले होते. कुठलाही रंग न लावता ते कापड पिवळं आहे. लग्नातली पैठणी कपाटातून काढते तेव्हा मला ते कापड आठवतं.

आर्जिओपी करते तसं ही रोज नवं जाळं करत नाही. फाटेल तेवढा भाग दुरुस्त करते आणि महिनोनमहिने तिथेच राहते. म्हणून तिच्याकडे वस्ती जमते. वरच्या कडेला नर, तिच्या मानाने इतके बारीक की तांदळाच्या दाण्याएवढे. आणि जाळ्यात चांदीच्या थेंबांसारखे चमकणारे काही जीव. तेही कोळीच, पण दुसऱ्या जातीचे. तिने दुर्लक्ष केलेलं बारीकसारीक भक्ष्य चोरून खाऊन ते तिच्याच जाळ्यात राहतात.

वाट अडते म्हणून गडी तिचं जाळं कोयत्याने तोडायचा. आता आम्ही त्या महिन्यांत पोफळींच्या दुसऱ्या ओळीतून जातो. कार्तिकात एक दिवस जाळं असतं आणि ती नसते. अंडी घालायला मादी जमिनीवर उतरते, उथळ खळगा करते, त्यात अंडी ठेवते आणि वर माती-पाचोळा ओढते. त्यानंतर मला ती कधी तिच्या जाळ्यात परत आलेली दिसली नाही. सोनेरी धागे थंडी पडेपर्यंत दोन पोफळींमधे तसेच राहतात, मग वाऱ्याने एका बाजूने सुटतात.

थंडीत सकाळी खळ्याच्या कडेच्या गवतावर दव पडतं आणि रात्रीतून कुणी रुमाल वाळत घातलेत असं दिसतं. ते गवतात आडवी चादर विणून एका टोकाला बोगदा ठेवणारे कोळी. दव नसेल तर त्यातली एकही चादर दिसत नाही, आपण त्यांच्यावरून चालत जातो. याच दिवसांत हवेत सुटे धागे तरंगताना चेहऱ्याला लागतात. पिल्लं गवताच्या टोकावर चढतात, पोट वर करतात, सूत सोडतात आणि वाऱ्याबरोबर निघून जातात. 1832 साली डार्विनचं जहाज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून साठ मैल आत समुद्रात असताना त्याच्या दोरखंडांवर असे हजारो बारीक कोळी येऊन उतरले होते. ब्रिस्टलमधल्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलं, की वारा नसला तरी हवेतल्या विद्युतक्षेत्राच्या जोरावर असे बारीक कोळी उचलले जाऊ शकतात. माझ्या पदरावर एक उतरलं होतं. मी पदर झटकला नाही. ते चढलं, टोकाशी थांबलं आणि पुन्हा गेलं.

संक्रांतीनंतर मी माहेरी जाते. माणदेशात तेव्हा बाभळी-बोरींवर मळके, गचाळ दिसणारे गोळे असतात, पाला-काडी अडकलेले. लहानपणी आम्हाला वाटायचं, ही जुनी, पडकी कोळिष्टकं. शेळ्या राखताना काठीने पाडायचो. ती पडकी नसतात. त्या गोळ्यात एकेका वेळी शेकडो कोळी एकत्र राहतात, एकत्र शिकार करतात, आणि हे कोळ्यांच्या जगात फार दुर्मीळ आहे. पिल्लं झाली की आई आधी स्वतः पचवलेलं अन्न ओकून त्यांना भरवते. मग एक दिवस पिल्लं तिलाच खाऊन टाकतात. ती पळत नाही. इतर माद्याही पिल्लांना असंच स्वतःला देतात. हे मी वाचलं त्या वर्षी माहेरी गेल्यावर त्या बाभळीपाशी जाऊन बराच वेळ उभी राहिले. किती गोळे पाडले होते, आठवत नव्हतं.

परत येते तेव्हा इथे आंब्याला मोहर असतो. मोहरावर तुडतुडे असतात, आणि त्यांच्यासाठी फवारणी. एका हंगामात कितीतरी वेळा. फवारणीच्या दुसऱ्या दिवशी कलमांखाली फिरले तर तुडतुड्यांसोबत त्यांना खाणारेही पडलेले असतात. बारीक हिरवे, काटेरी पायांचे, मोहरात उड्या मारत शिकार करणारे. तुडतुडे परत येतात, हे परत यायला वेळ घेतात. आमची कलमं थोडी आहेत, आम्ही फवारणी कमी केली, उत्पन्नही थोडं कमी झालं. ज्याचा सगळा संसार आंब्यावर आहे त्याला मी काय सांगणार? पण औषधाच्या दुकानात डबा घेताना, हे आणखी कशाकशाला मारतं, असं एकदा तरी विचारावं एवढं मला वाटतं.

चैत्र-वैशाखात बाहेर काहीच नसतं. वई कोरडी, पोफळींमधली वाट मोकळी. तेव्हा उरतात ते भिंतीवरचे. दुपारी ओटीवर उन्हाच्या कडेने एक आखूड, केसाळ, करडा कोळी टुणटुण उड्या मारत फिरतो. आपण वाकलो की तो अंग वळवून आपल्याकडे बघतो. पुढचे दोन डोळे मोठे, काळे, मोटारीच्या दिव्यांसारखे. उडी मारण्याआधी तो एक धागा भिंतीला टाचून ठेवतो, चुकला तर लटकायला. याच घराण्यातल्या ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या एका नव्या जातीला 2021 मध्ये 26/11 च्या हल्ल्यात शहीद झालेले पोलीस तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं गेलं, आयसियस तुकारामी. ओंबळे आमच्या सातारा जिल्ह्यातल्या केडंब्याचे.

यंदा फेब्रुवारीत सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर वाकायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही. त्यामुळे त्या दिवसभर माजघरात खाटेवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत असायच्या. कित्येक वर्षांनी त्यांना भिंत स्पष्ट दिसत होती. एका दुपारी त्यांनी हाक मारली. "ह्यां बारीक काय चलता गो भिंतीवर?"

मी गेले. चुन्याच्या भिंतीत बोटाच्या पेराएवढी पांढरी, चपटी, चांदणीसारखी सुताची टिकली होती. तशी आमच्या घरात शेकड्यांनी असतील, मी त्यांना रंगाचा पोपडा समजत आले. तिच्या बाहेर तिळाहून थोडा मोठा कोळी होता, फिकट, पायांवर काळ्या कड्या. त्यांना ओळख पटवायची म्हणून फोटो काढून गावातल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सरांना पाठवला. तासाभरात उत्तर आलं, ओएकोबिअस घराण्यातला आहे, फोटोवरून नेमकी जात सांगता येत नाही. पण याच घराण्यातल्या एका जातीला भारतीय कोळ्यांचे मोठे अभ्यासक टिकादर यांनी 1962 साली नाव दिलं होतं, ओएकोबिअस मराठाउस. मी ते नाव मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाईंनी दोनदा म्हणून घेतलं.

तेवढ्यात भिंतीवरून एक मुंगी आली. कोळी तिच्या आकाराचाच. तो तिच्याजवळ गेला आणि तिच्याभोवती फेऱ्या घालायला लागला, पाठ तिच्याकडे करून, इतक्या भरभर की पाय दिसेनात. प्रत्येक फेरीला सुताची एक पट्टी मुंगीवरून भिंतीला चिकटत गेली. मुंगीने आधी पुढचे पाय ओढले, मग मागचे, मग ती थांबली. सासूबाई खाटेच्या कडेला सरकून, डोळ्यांवर काळा चष्मा असूनही मान पुढे करून बघत होत्या. वाकायचं नाही, मी म्हटलं.

"मुंगीक बांधल्यान," त्या म्हणाल्या.